सोलापूर: आपला मोबाईल नक्की कोणत्या टॉवरला लागलाय, हे कसं शोधायचं?

विजापूररोडकर
नमस्कार मंडळी. आमचं घर विजापूर रोडच्या आत, जुळे सोलापुरात. गच्चीवर उभं राहिलं की दोन टॉवर दिसतात. एक मोकळ्या प्लॉटमधला, उंच, जाळीचा, लाल-पांढरे पट्टे मारलेला. दुसरा मेन रोडला लागून एका इमारतीच्या गच्चीवर, बुटका. उंच टॉवर घरापासून चालत पाच मिनिटांवर असेल. तरी घरात रेंज नाही. हॉलमध्ये एक-दोन काड्या, स्वयंपाकघरात त्याही नाहीत. सासूबाईंचे दवाखान्याचे फोन येतात आणि मध्येच तुटतात, त्यामुळे जीव टांगणीला लागतो.

कस्टमर केअरचं उत्तर एकच, "तुमच्या भागात नेटवर्क व्यवस्थित आहे." म्हणून आधी मला हे शोधायचंय की या दोनपैकी माझ्या सिमचा टॉवर कोणता. वर कुणाचं नाव तर लिहिलेलं नसतं. कंपनीनिहाय नकाशा कुठे मिळतो का? गल्लीबोळ फिरायची माझी तयारी आहे, फक्त काय बघायचं ते सांगा.

आसराचौक
ताई, दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल आहे, २०१७ पासून. नकाशावर आपला भाग उघडला की टॉवरचे ठिपके दिसतात. एखाद्या टॉवरचा तपशील मागितला तर ई-मेलवर येतो. शिवाय ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाईटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. दोन्ही शेजारी उघडून बघा.

पार्कचौक_निवृत्त
नोकरी दूरसंचारात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोर्टलवरचा ठिपका टॉवर कुठे आहे ते सांगतो. तुमचा फोन त्याच टॉवरवर आहे का, हे फक्त तुमचा फोन सांगू शकतो. तेव्हा फोनपासून सुरुवात करा.

अँड्रॉईड असेल तर 'नेटमॉन्स्टर' किंवा 'सेलमॅपर' हे ॲप घ्या. लोकेशन चालू ठेवा आणि परवानगी द्या, नाहीतर पडदा कोरा राहतो. दोन सिम असतील तर एक तात्पुरतं बंद करा, म्हणजे गोंधळ होणार नाही. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं. त्यात माहिती कमी मिळते, पण कामापुरती मिळते.

आता पडद्यावरचे आकडे. सुरुवातीचे तीन देशाचे. भारतात ४०४ आणि ४०५ हे कोड दिसतात. त्यापुढचे आकडे कंपनी आणि सर्कल, म्हणजे दूरसंचाराचा विभाग, सांगतात. आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये (मुंबईचं सर्कल वेगळं) एअरटेल ४०४-९०, बीएसएनएल ४०४-६६. व्हीआयचे दोन दिसू शकतात, ४०४-२२ हा जुन्या आयडियाचा आणि ४०४-२७ जुन्या व्होडाफोनचा, कारण २०१८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. जिओचा कोड ४०५ ने सुरू होतो.

मग येतो सेल आयडी, आठ-नऊ आकडी मोठा नंबर. ४जीमध्ये या नंबराला २५६ ने भागायचं. पूर्ण भागाकार म्हणजे त्या साईटचा नंबर, ज्याला ई-नोड-बी म्हणतात. जी बाकी उरते ती त्या साईटवरचा विशिष्ट सेल, म्हणजे एका दिशेला सिग्नल देणारा भाग. उदाहरणादाखल, पडद्यावर २,१४,७२,७७१ आला. भागाकार ८३,८७८ आणि बाकी ३. म्हणजे साईट ८३८७८, सेल ३. ॲप बहुतेक वेळा हे गणित स्वतःच करून दाखवतं, पण एकदा हाताने करून बघा, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही.

साध्या टॉवरवर एका कंपनीचे अँटेना तीन दिशांना असतात, प्रत्येकाकडे साधारण १२० अंशांचा भाग. त्याला सेक्टर म्हणतात. साईटचा नंबर एकच राहतो, सेक्टर बदलला की बाकी बदलते. एकाच सेक्टरवर दोन-तीन बँड (लहरींचे वेगवेगळे पट्टे) असतील तर प्रत्येक बँडची बाकी वेगळी येते, म्हणून बँडही टिपून ठेवा.

पक्की खूण यातच आहे. ज्या टॉवरबद्दल संशय आहे त्याच्याभोवती, थोडं अंतर राखून, रस्त्यारस्त्याने एक फेरी मारा. फेरीत साईटचा नंबर तोच राहिला आणि नुसती बाकी बदलत गेली, तर तो तुमचाच टॉवर. टॉवरच्या पायथ्याशी उभं राहूनही साईटचा नंबर भलताच येत असेल, तर त्या लोखंडावर तुमच्या कंपनीचं काही नाही असं धरून चाला.

सिग्नलची ताकद 'आरएसआरपी' या आकड्यात दिसते, नेहमी उणे. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे ११० च्या खाली गेला की बोलणं तुटायला लागतं. दर १० ला ताकद दहा पटींनी कमी होते, म्हणजे उणे ८० आणि उणे ११० मध्ये हजार पटींचा फरक आहे. वरच्या काड्यांवरून हे कळत नाही, त्या प्रत्येक फोनवाला आपापल्या हिशेबाने दाखवतो.

काही फोनमध्ये 'टायमिंग ॲडव्हान्स' किंवा टीए असा आकडा दिसतो. ४जीमध्ये त्याची एक पायरी म्हणजे सुमारे ७८ मीटर. टीए ७ असेल तर टॉवर अंदाजे साडेपाचशे मीटरवर. सिग्नल इमारतींवर आपटून आला असेल तर अंतर जास्त दिसतं, कमी कधी दिसत नाही. तीन वेगवेगळ्या जागांवरून टीए घेऊन नकाशावर तीन वर्तुळं काढा. ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे टॉवर शोधा.

विजापूररोडकर
काका, मनापासून आभार. टीए माझ्या फोनमध्ये दिसत नाही, नवऱ्याच्या फोनमध्ये दिसतो. दोघांचं सिम एकाच कंपनीचं आहे. संध्याकाळी दोघं मिळून फेरी मारतो.

रिगर_होटगी
ताई, मी टॉवरवर चढून अँटेना बसवायचं काम करतो. खालून बघून काय ओळखता येतंय ते सांगतो बघा.

पहिली गोष्ट, टॉवरचा मालक वेगळा आणि वरच्या अँटेना वेगळ्यांच्या. लोखंड इंडसचं असतंय नाहीतर समिट डिजिटेलचं, जीटीएलचं, आणि वर दोन-तीन कंपन्या भाड्यानं. बीएसएनएलचे स्वतःचे टॉवर हायत, त्यावर पण दुसऱ्यांच्या अँटेना दिसत्यात. त्यामुळं 'हा अमक्याचा टॉवर' असं एका नावानं सांगता येत नाही.

वर बघा. उभ्या, लांबट पांढऱ्या-राखाडी पट्ट्या, माणसाच्या उंचीच्या किंवा जरा मोठ्या, त्या सेक्टर अँटेना. फोन त्यांच्याशी बोलतोय. त्यांच्या मागं किंवा खाली पेटीसारखा डबा असतो तो आरआरयू, म्हणजे अँटेनाचा रेडिओ. गोल ड्रम दिसतोय तो एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरला लिंक द्यायला, त्याचा तुमच्या फोनशी थेट संबंध नाही. आता बऱ्याच ठिकाणी फायबर आलंय, ड्रम कमी झालेत. ५जीचा पॅनेल आखूड, रुंद आणि जाडजूड असतो, कारण रेडिओ आतच असतोय.

पट्ट्या कोणत्या उंचीवर हायत ते मोजा. सहसा एका कंपनीच्या तिन्ही बाजूच्या पट्ट्या एका पातळीवर असतात, दुसरीच्या त्याच्या खाली किंवा वर. दोन पातळ्या दिसल्या तर बहुतेक दोन कंपन्या. आणि पट्टीचं तोंड कुठं हाय ते नीट बघा. लोक नेमकं हेच बघत नाहीत. गच्चीवरच्या साईटला कधीकधी दोनच दिशांना पट्ट्या असतात, रस्त्याकडं. मागच्या गल्लीला पाठ. मग मागच्या घरात रेंज कशी येणार?

जमिनीवरच्या टॉवरच्या गेटवर पाटी असते. मालक कंपनीचं नाव, साईट आयडी, तातडीचा फोन नंबर, धोक्याची खूण. रस्त्यावरून फोटो काढून ठेवा. पाटी गंजली असली तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, जागामालक कोण ते त्याला माहीत असतंय. तक्रारीत साईट आयडी लिहिला की फाईल पटकन हलते, हा माझा अनुभव हाय.

आणि हात जोडून सांगतो, कंपाउंडच्या आत जाऊ नका, पोरांना जाऊ देऊ नका. आत वीज, डिझेल जनरेटर, बॅटऱ्या सगळं असतंय. पट्टीच्या अगदी समोर जवळ उभं राहायचं नसतं, आम्ही पण वर काम करताना तो सेक्टर बंद करून घेतो.

केगावकर
रिगरभाऊ, लाल-पांढरे पट्टे नि वरचा लाल दिवा कशासाठी? सगळ्या टॉवरला नसतो.

रिगर_होटगी
विमानांसाठी. उंच बांधकाम लांबून दिसावं म्हणून. होटगी रोडचं विमानतळ असल्यानं त्या पट्ट्यात किती उंच जायचं यावर बंधन हाय, विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागती. साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला त्यासाठीच पाडली, सगळ्या सोलापूरला माहीत हाय. अशा भागात एक उंच टॉवर मारण्यापेक्षा गच्च्यांवर बुटके टॉवर जास्त दिसतील.

भीमाकाठ
आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, नदीच्या अलीकडे. पलीकडे कर्नाटक. माझ्या फोनवर रोज 'कर्नाटकात स्वागत' असा मेसेज येतो, घरबसल्या. वरचं वाचून आज बघितलं तर कोड ४०४-४५. हा कर्नाटकाचा का?

पार्कचौक_निवृत्त
हो, ४०४-४५ म्हणजे एअरटेल कर्नाटक. बीएसएनएल कर्नाटक ४०४-७१. नदीच्या उघड्या पात्रावरून सिग्नल लांब जातो, मध्ये इमारती नाहीत. टाकळी, भंडारकवठे, अक्कलकोटची सीमेवरची गावं, या सगळ्यांना हा अनुभव असणार. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क निवडताना 'ऑटोमॅटिक' काढून महाराष्ट्राचं नेटवर्क हाताने निवडून बघा. मात्र आपल्या बाजूचा सिग्नल फारच कमजोर असेल तर कर्नाटकाचा राहू द्या. फोन लागणं महत्त्वाचं.

अशोकचौक_शिक्षिका
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. शाळेजवळच्या इमारतीवर नवीन टॉवर झालाय आणि पालक घाबरलेत. मुलांच्या तब्येतीबद्दल रोज कुणीतरी विचारतं. मी त्यांना खात्रीने काय सांगू?

पार्कचौक_निवृत्त
बाई, पालकांची काळजी रास्त आहे आणि तिला मोजमापाने उत्तर देता येतं.

आंतरराष्ट्रीय समितीने, आयसीएनआयआरपीने, अशा लहरींच्या तीव्रतेची जी मर्यादा सुचवली तिच्या एक दशांश मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला ०.४५ वॉट होती. टॉवर नियमात बसतो का हे 'तरंग संचार'वर बघता येतं. तेवढ्याने समाधान झालं नाही तर त्याच पोर्टलवर ४,००० रुपये भरून त्या जागेचं मोजमाप मागवता येतं. शाळेने किंवा पालकांनी वर्गणी काढून ते करावं असं मला मनापासून वाटतं, कारण हातात कागद आला की चर्चा शांतपणे होते.

अँटेनाचा झोत आडवा, किंचित खाली झुकवलेला असतो. बरोबर खालच्या मजल्यापेक्षा समोर, त्याच उंचीवर असलेल्या खिडकीकडे बघणं जास्त गरजेचं. मोजमाप तिथलं मागा. अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण चौथाई होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना २ब गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', पुरावा मर्यादित. हेही पालकांपासून लपवू नका. सोबत हे सांगा की टॉवर लांब गेला की हातातला फोन जास्त जोर लावतो, आणि तो कानाशी असतो. फोनसाठी भारतात मर्यादा १.६ वॉट प्रति किलो आहे, प्रत्येक फोनचा स्वतःचा आकडा त्याच्या माहितीत लिहिलेला असतो.

अशोकचौक_शिक्षिका
खूप मदत झाली. पुढच्या पालकसभेत मोजमापाचा प्रस्ताव ठेवते.

बाळीवेस
गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाजवळ काड्या पूर्ण असतात, तरी फोन लागत नाही, व्हॉट्सॲपचा फोटो जात नाही. मग तिथे टॉवर जवळ आहे की लांब?

पार्कचौक_निवृत्त
टॉवर जवळच आहे. काड्या सिग्नल दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत. एका सेक्टरची क्षमता ठरलेली असते आणि नंदीध्वज बघायला आलेल्या सगळ्यांचे फोन त्याच दोन-चार सेक्टरवर पडतात. ॲपमध्ये आरएसआरपी उणे ७५ आणि 'आरएसआरक्यू' किंवा 'एसआयएनआर', म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगणारे आकडे, मात्र वाईट दिसतील, ती गर्दीची खूण. आषाढीला पंढरपुरात म्हणूनच गाडीवरचे तात्पुरते टॉवर आणतात. अशा वेळी साधा एसएमएस करा, तो बऱ्याचदा निघून जातो. घरच्यांशी भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा, लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच.

दमाणीनगर
५जीवर हे २५६ चं गणित जुळत नाही. नंबर फारच मोठा येतो.

पार्कचौक_निवृत्त
बरोबर. ५जीचा सेल नंबर ३६ बिटांचा असतो आणि त्यात साईटचा भाग किती हे कंपनी ठरवते, म्हणून सरसकट २५६ चालत नाही. टॉवर शोधताना फोन '४जी फक्त' वर टाका. काम झालं की परत ५जीवर आणा.

सातरस्ता
एक सावधगिरी. टॉवरचे फोटो काढताना एकाने मला गाठलं, "तुमच्या गच्चीवर टॉवर बसवून देतो, महिना भाडं, आधी नोंदणीचे पैसे भरा" म्हणाला. हा फसवणुकीचा प्रकार आहे. ट्राय किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी कुणाकडूनही पैसे घेत नाहीत आणि ना-हरकत पत्रही देत नाहीत. त्यांच्या शिक्क्याचं पत्र कुणी दाखवलं तर ते खोटं. आपल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा, पेन्शनीतले पैसे गेलेली माणसं मी बघितलीत.

विजापूररोडकर
फेरी झाली. जे कळलं ते लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ज्या उंच टॉवरवर माझा सगळा भरवसा होता, त्याच्या गेटसमोर उभं राहिलो तरी साईटचा नंबर घरातलाच आला आणि आरएसआरपी उणे १०६. टॉवरवर पट्ट्यांची एकच पातळी दिसते. म्हणजे तिथे आमची कंपनीच नाही.

घरात टीए १७ येतो, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या वर. होटगी रोडच्या दिशेने चालत गेलो तसा तो कमी होत गेला. तिकडे एका इमारतीच्या गच्चीभोवती फिरलो तेव्हा नंबर तोच राहिला, बाकी १, २, ३ अशी बदलत गेली. तो आमचा टॉवर, सव्वा किलोमीटरवरचा, मधे सगळ्या चार मजली इमारती.

आणि मेन रोडवरचा बुटका टॉवर? रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर फोनने झटकन दुसऱ्या साईटचा नंबर पकडला, त्याच कंपनीचा, उणे ७२. परत आमच्या बाजूला आलो की तो सुटतो. दुपारी उजेडात रिगरभाऊंनी सांगितलं तसं नीट बघितलं. एक पट्टी विजापूरच्या दिशेला, दुसरी शहराकडे. आमच्या वसाहतीकडे नुसते खांब आणि केबलच्या वेटोळ्या. आम्ही त्या पट्ट्यांच्या पाठीमागे राहतो.

रिगर_होटगी
शंभर टक्के तिसरा सेक्टर लावलेला नाही. खांब उभा हाय म्हणजे जागा ठेवलेली असणार. तक्रारीत असंच लिहा: अमुक नंबरच्या साईटला आमच्या दिशेला सेक्टर नाही, होकायंत्राने दिशा अंशात लिहा.

पार्कचौक_निवृत्त
आणि पायरीने जा. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, तक्रार क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे, त्यांना निकालासाठी ३९ दिवसांची मुदत आहे. तरी काही झालं नाही तर केंद्राच्या 'सीपीग्राम्स' पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे. ट्रायकडे व्यक्तिगत तक्रार करू नका, ते ती हाताळत नाहीत. तोवर घरात वायफाय असेल तर फोनमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा, दवाखान्याचे फोन निदान तुटणार नाहीत.

विजापूररोडकर
वायफाय कॉलिंग त्याच रात्री चालू केलं. सासूबाईंचं कालचं बोलणं पूर्ण झालं, एकदाही तुटलं नाही.

तक्रारीत दोन्ही साईटचे नंबर, घरातलं आणि रस्त्यापलीकडचं रीडिंग, दिशा अंशात, सगळं लिहिलं. या वेळी कस्टमर केअरऐवजी नेटवर्क विभागातून फोन आला. त्या इंजिनिअरने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, पीसीआय किती येतोय?" मी सांगितला. तिसरा सेक्टर प्रस्तावित आहे असं तो म्हणाला, तारीख दिली नाही. गल्लीतल्या त्याच कंपनीच्या इतर घरांतूनही रीडिंग गोळा करतेय, अपिलाला सगळी एकत्र जोडणार.

दमाणीनगर
ताई, पीसीआय म्हणजे?

पार्कचौक_निवृत्त
सेलची छोटी ओळख. ४जीमध्ये ० ते ५०३ मधला आकडा, त्यामुळे गावात तोच आकडा दुसरीकडेही येऊ शकतो. पण शेजारशेजारच्या सेलना तो वेगळा दिलेला असतो, म्हणून इंजिनिअरला त्यावरून सेक्टर पटकन सापडतो. रीडिंग घेताना कंपनी, साईट नंबर, बाकी, पीसीआय, बँड, आरएसआरपी आणि घरातली जागा, एवढं लिहा. दर वेळी एकाच जागी, खिडकीपासून तेवढ्याच अंतरावर फोन ठेवा.

रिगर_होटगी
आणि लाईट गेली होती का तेही लिहा. वीज गेल्यावर काही साईट बॅटरीवर असतात, मग कधी कधी एखादा बँड बंद ठेवतात. तेव्हाचं रीडिंग कामाचं नाही.

शेळगीवाला
आमच्याकडे तुळजापूर रोडला संध्याकाळी सात ते दहा हाच त्रास आहे, सकाळी नाही. आरएसआरपी दोन्ही वेळा उणे ८८.

पार्कचौक_निवृत्त
सिग्नल तोच आणि त्रास ठरावीक वेळेला, म्हणजे गर्दी. सकाळी आणि रात्री आठला, दोन्ही वेळचा एसआयएनआर आणि स्पीड टेस्ट घेऊन इथे टाका. बँडही लिहा.

शेळगीवाला
आज रात्री टाकतो. बँड ४० दिसतोय, सेलची बाकी २.